टायरच्या भुग्यावरचं पाळणाघर

रोलरमामांचं खरं नाव पगाराचा दिवस सोडला तर कुणाला आठवत नसे. उभी हयात त्यांनी रोड रोलरवर काढली होती. जमीन पक्की झाली की नाही, हे त्यांना बसल्या जागी कळायचं. सीटमधून कंबरेत एक ठोका यायचा, कोरडा आणि ठाम. तो आला की मामा रोलर थांबवून म्हणत, "झोपली." बाकीचे हसायचे, पण मामांचं 'झोपली' म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

म्हणूनच पाळणाघराच्या जागेवर ते पार चक्रावून गेले.

जागा चिकणमातीची, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी. तिच्यावर पूर्वी एक गोदाम होतं. ते असं कललं होतं की दारं लागेनाशी झाली. या खेपेस नव्या इंजिनिअर बाईंनी जुन्या टायरांचा भुगा, भट्टीची राख आणि थोडा चुना मागवून मातीत कालवला आणि त्याचे थर पसरायला लावले. मामांनी रोलर फिरवला. पुन्हा फिरवला. ठोका येईना. चाकाखाली माती दबायची आणि चाक पुढे सरकलं की हलकेच वर यायची, गादीवर कुणी कूस बदलावी तशी.

मामांनी सीटचे बोल्ट आवळून पाहिले. मग आपली कंबरच गेली की काय, या शंकेनं डॉक्टर गाठला. डॉक्टरांनी वाकवून, वळवून पाहिलं आणि कंबर ठणठणीत असल्याचं सांगितलं. तेव्हा मामा बाईंकडे गेले.

"बाई, ही माती झोपत नाही."

बाईंनी चेष्टेवारी नेलं नाही. जमिनीवर जाड लोखंडी पत्रा ठेवून त्यावर भरल्या ट्रकचा भार दिला आणि पत्रा किती खचला ते दाखवणारा काटा मामांना वाचायला लावला. पत्रा ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमीच खचला होता.

"तुम्हाला जाणवतंय ते खरंच आहे, मामा. रबर थोडं उसळणारच. पण भार पेलतंय. आणि ही माती पहिल्यासारखी फुगणार नाही."

मामांना शब्द न् शब्द समजला आणि पटलं मात्र काहीच नाही. काटा खोटा म्हणावा तर स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला. कंबर खोटी म्हणावी तर तिच्याच भरवशावर घर चाललेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात धाकट्या लेकीला त्याच पाळणाघरात नोकरी लागली. घरात आनंदीआनंद, आणि मामा म्हणाले की दुसरीकडे बघितलं तर बरं.

"तिथं काही वाईट आहे का, बाबा?"

"नाही."

"मग चांगलं आहे ना?"

मामा उठून चपला शोधू लागले. शेवटी बायको वैतागली. "अहो, धड हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. पोरीला मधेच कशाला लटकवताय?"

लेक कामाला लागली. मामा तिचा डबा पोचवायच्या निमित्तानं जात आणि इमारतीभोवती भिंतीवर हात फिरवत चक्कर मारत. एकदा खिडकीखाली केसाएवढी चीर बोटाला लागली. मामांना आधी आनंदच झाला, आपली कंबर खरी ठरल्याचा. दुसऱ्याच क्षणी आतून लेकीचा आवाज आला. ती कुणाला तरी झोपवत होती.

त्यांनी गवंड्याला ओढत आणलं. गवंड्यानं नखानं खरवडून पाहिलं. चीर नुसत्या गिलाव्याची होती. पाया हलला असता तर कोपऱ्यापासून तिरकी भेग गेली असती, असं त्यानं सांगितलं. मामांनी सुटकेचा निःश्वास सोडला, पण मन खट्टू झालं. का, ते त्यांचं त्यांनाच उमगेना.

पुढच्या कोरड्या दिवसांत शेजारच्या आवाराची भिंत कलली. पाळणाघर जागचं हललं नाही.

बाईंनी पुढच्या जागेसाठीही मामांनाच बोलावलं. ते गेले, पण रोलरवर चढण्याआधी त्यांनी विचारलं, "थांबायचं कधी, हे मला कसं कळायचं?"

"मी काटा बघून हात वर करीन. मलाही दुसरं काही कळत नाही, मामा."

मामांना त्या उत्तरानं धीर आला की भीती वाटली, सांगता येणार नाही. भुगा पसरलेल्या मातीवर ते बाईंच्या हाताकडे बघत फेऱ्या मारत राहिले. हात वर झाला. मामांनी रोलर थांबवला आणि उतरावं की आणखी एक फेरी मारावी, हे न कळून ते तसेच बसून राहिले.