सांत्वनासाठी विश्रांतवाडीला

साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे घ्यावेत की नाही, यावर मी पाच मिनिटं घोळ घातला. दुःखाच्या घरी कसले पेढे, म्हणून शेवटी केळी घेतली आणि एसटीत बसले. माझी मावसबहीण सुमन हिचे यजमान अशोकराव जाऊन महिना झाला होता. गुडघ्यापायी मला आधी जाता आलं नव्हतं, पण फोनवरून रोज धीर देत होते.

स्वारगेटला रिक्षा केली. जवळच्या रस्त्यानं घ्या म्हटलं, तर रिक्षावाला म्हणाला, "जवळच्याच रस्त्यानं घेतोय. विश्रांतवाडी लांब आहे, त्याला मी काय करू?" पुण्यात पोचल्याची खात्री पटली.

सुमनचं घर तिसऱ्या मजल्यावर. गुडघा धरत चढले. दार उघडंच होतं आणि आतून बारीक घरघर येत होती. तिनं चहा दिला. ती निम्मी झाली होती. तेवढ्यात शेजारच्या काकू भाजीची वाटी घेऊन आल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, की ते कुठे गेलेत, इथेच आहेत तुझ्याजवळ. सुमन उठून आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले.

पलंगावर धुतलेली चादर. कॉन्सन्ट्रेटर (हवेतला प्राणवायू नळीवाटे देणारं मशीन) चालू होता, बाटलीत पाणी बुडबुडत होतं. नळी उशीवर ठेवलेली आणि उशीला खळगा पडलेला.

"ताई, सगळे म्हणतात हे इथेच आहेत. तूही रोज तेच म्हणतेस," सुमन म्हणाली. "इथेच असतील तर धापही लागलेलीच असेल ना? मग मशीन बंद कसं करू?"

लाइट गेली की ती उशीला पुठ्ठ्यानं वारा घालत बसायची. महिनाभर धड झोपली नव्हती. मला माझीच चीड आली. किती प्रेमानं मी रोज तिला हे ऐकवलं होतं!

"गेले ते, सुमन," मी म्हटलं. "सुटले. इथे कोणी नाही."

मग तिनं बटण बंद केलं आणि वाकून उशीला कान लावला.

"तुला येतंय काही ऐकू?"

"नाही."

ती तिथेच आडवी झाली आणि लगेच झोपली. काकू दारात उभ्या होत्या, त्यांना मी खुणेनंच घरी पाठवलं.

दोन दिवसांनी परतले. कात्रजचा घाट मागे पडेपर्यंत मनाशी घोकत होते, की यापुढे कुणाच्या दुःखात जाऊन गप्प बसायचं. सुमन आता झोपते, जेवते, फोनवर हसतेसुद्धा. पण त्या दिवशी मशीन बंद झाल्यावर मला ऐकू आलं होतं. अगदी बारीक, धाप लागल्यासारखं. तीन मजले चढून आले होते, माझाच श्वास असणार. सुमनला मी हे कधीच सांगणार नाही.