पायडल काढलेली सायकल

मैत्रिणींनो, आज मी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा सायकलवर बसले. हसू नका, आधी ऐका.

चुडाव्यात मला शिलाईचं काम मिळालंय. आमच्या वस्तीवरून जीप मिळाली तर मिळाली. परभणीला शिकणारी लेक फोनवर म्हणाली, "माझी सायकल घे. आधी दोन्ही पायडलं काढ, मंग पायानं ढकलत तोल शिक."

सायकल गोठ्यात पडून गंजलेली. उजवं पायडल ह्यांनी पाना लावून काढलं. डावं मात्र हलेना. डिझेल ओतलं, पान्यावर उभे राहिले, शेवटी शेजारच्या भाऊजींना बोलावलं. दोघं घामाघूम.

"आता कापावंच लागतंय," हे म्हणाले.

मी म्हणलं, "अहो, उजवं मागच्या चाकाकडं ओढल्यावर निघालं. हे तुमी पुढं ओढायलात."

"आटे सगळे एकाच बाजूला फिरतेत, वहिनी," भाऊजी म्हणाले.

"मंग द्या इकडं पाना."

मागच्या चाकाकडं जोर लावला. कट्टकन आवाज झाला आणि फिरलं की! डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. हे दोघं इतका वेळ ते घट्ट करत बसले होते.

संध्याकाळी देवळापुढच्या उतारावर मी पाय उचलले. विजेच्या खांबापर्यंत गेले, पडले न्हाई. ह्यांना मागून धरू दिलं नव्हतं.

तोल बसला की पायडलं मीच लावणार. कुणाला शिकायचंय सोबत? सायकल एकच हाय, पण पाना आता माझ्याकडं हाय.