पहिली वेलांटी आणि मास्तरांची पट्टी

टायपिंग मी ज्यांच्याकडे शिकले, त्या मास्तरांनी माझ्या बोटांवर लाकडी पट्टीने इतकं हाणलंय की अजून थंडीत ठणकतात. पहिली वेलांटी दिसते अक्षराच्या अलीकडे, म्हणून टाइपरायटरवर दाबायचीही आधी. चुकलं की फटका. "पहिले वेलांटी, मंग अक्षर!" वर्गात असे शुद्ध अहिराणीत ओरडायचे आणि आमच्याकडून शुद्ध मराठी टाइप करून घ्यायचे.

पुढे वर्ग बंद पडला. मास्तर कचेरीच्या ओसरीवर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करू लागले, आणि मी आत, त्याच कचेरीत ऑपरेटर. सगळं बरं चाललं होतं. तेवढ्यात नवे साहेब आले आणि फर्मान निघालं : ओसरीवर बसायचं तर युनिकोडमध्ये टाइप करून दाखवा, नाहीतर टेबल उचला.

झालं! युनिकोडचा कारभार नेमका उलटा. कंप्युटरच्या पोटात आधी अक्षराचा नंबर जातो, मग वेलांटीचा. पडद्यावर ती पुढे येते ती नुसती मिरवायला. अक्षराआधीच दाबली तर बिचारीला टेकायला काही सापडत नाही. मग कंप्युटर तिला ठिपक्याठिपक्यांचा एक पोकळ गोल काढून देतो, घे बाई, टेक याला.

"मास्तर, आधी कपाळ, मग टिकली," मी समजावलं.

"माले समजनं," ते म्हणाले, "पन ह्या हातले कोन सांगी?"

आठ दिवस घासलं, हात काही ऐकेना. पडद्यावर नुसते गोलच गोल. म्हातारा टेबलावरून उठणार, हे दिसतच होतं. मग मला माझी जुनी खोड आठवली, परीक्षेत चिठ्ठी पुरवायची. साहेब म्हणाले होते, अर्ज कुठलाही चालेल. मी असा अर्ज रचला की त्यात एकही पहिली वेलांटी नाही. 'मी राहणार मौजे खांडबारा, तालुका नवापूर. माझ्या शेताचा रस्ता बंद आहे, तो मोकळा करून द्यावा.' 'विनंती' चालणार नव्हती, म्हणून शेवटी 'हात जोडतो'.

मास्तरांनी साहेबांसमोर तो अर्ज असा वाजवला की ओसरीवरचे लोक बघत राहिले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

"छान," साहेब म्हणाले. "पण जिल्हा राहिला की, मास्तर."

जिल्हा म्हणजे सुरुवातीलाच पहिली वेलांटी! मास्तरांचं बोट सवयीने गेलंच, आणि जिल्ह्याच्या आधी पडद्यावर तो ठिपक्यांचा गोल उमटला.

"हे काय?"

मास्तरांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "हाई शिक्का मारानी जागा शे, साहेब."

साहेब हसून हसून खोकले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, अख्ख्या अर्जात एक पहिली वेलांटी नाही. हा मजकूर मास्तरांचा नाही."

मेले!

"टेबल महिनाभर राहू दे," ते म्हणाले. "पण तुम्ही यांना रोज चार वाजता शिकवायचं. महिन्याने मी सांगेन तोच मजकूर."

दुसऱ्या दिवशी चारला मास्तर आत आले. पिशवीतून तीच लाकडी पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली, कीबोर्ड ओढला, आणि पहिलाच शब्द चुकले. मग त्यांनी बोटं पुढे केली.

किती वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती! पट्टी उचललीसुद्धा. पण त्या सुरकुतलेल्या बोटांवर हाणवेना. मी कशीबशी पट्टी नुसती टेकवली.

"जोरमा मार ना माय," मास्तर म्हणाले. "असानी कशी अक्कल येई ह्या हातले?"