मावशींची मोजणी

माणसं मोजायचं काम जगात एकाच व्यक्तीवर सोपवायचं झालं, तर ते माझ्या नवऱ्याच्या मित्राच्या सासूबाईंवर सोपवावं. त्यांची मोजणी दर वेळी चुकायची, आणि तरी तिच्याइतकी भरवशाची मोजणी मी दुसरी पाहिली नाही. नातं सांगायला लांबलचक, हाक मारायला सोपं: मावशी. त्यांची लेक ऑस्ट्रेलियात, होबार्टमध्ये आमच्याच रस्त्यावर, आमच्याहून चार घरं वर राहायची. 'वर' म्हणजे खरोखरच वर. होबार्टमध्ये शेजारी उजवीकडे-डावीकडे नसतात, डोक्यावर आणि पायाखाली असतात. पिशवीतून निसटलेलं संत्रं थेट बंदरावर जाऊन थांबेल, असा आमचा उतार. नवरा महिन्यातले पंधरा दिवस डार्विनला गॅसच्या कामावर. मी ड्रायव्हिंग टेस्टमध्ये तीनदा नापास, तिन्ही वेळा चढावर गाडी मागे घसरली म्हणून. तेव्हा चार वर्षांची इरा आणि बाबागाडीतला नील यांना घेऊन रोज चाइल्डकेअरला जायचं ते बसनेच.

ही वरात लेकीकडे राहायला आलेल्या मावशींनी दोन दिवस खिडकीतून पाहिली आणि तिसऱ्या दिवशी न बोलावता स्टॉपवर हजर झाल्या. नऊवार नव्हे, पण चापूनचोपून नेसलेली साडी, त्यावर लाल जाकीट, खाली जावयाचे बूट. मावशी वीस वर्षं एसटीत कंडक्टर होत्या, कराड-चिपळूण घाटात. "रिटायर झाले म्हणून काय बसमध्ये पाहुण्यासारखं बसायचं?" असं म्हणून त्यांनी बाबागाडीची पुढची चाकं उचलली, आणि त्या दिवसापासून होबार्टच्या त्या बसला कंडक्टर मिळाला.

बस सुटायच्या आधी सगळे बसलेत का ते त्या बघायच्या, मग घराच्या किल्लीने खांबावर दोनदा टकटक करायच्या. त्याशिवाय गाडी हलली तर त्यांचा जीव वरखाली व्हायचा. नेहमीचा दाढीवाला ड्रायव्हर आधी दचकायचा, महिन्याभरात तोच आरशात बघून विचारू लागला, "ऑल गुड, बॉस?" मावशी गंभीरपणे टकटक करायच्या, तो म्हणायचा, "नो वरीज," आणि मग गाडी उतरायला लागायची. एकदा मागच्या सीटवर पाय टाकून बसलेल्या युनिव्हर्सिटीतल्या एका धिप्पाड मुलाला त्यांनी शुद्ध मराठीत झापलं. त्याने पाय खाली घेतले, वर सॉरीही म्हणाला.

पण खरी गंमत मोजणीची. टकटक करण्याआधी त्या आम्हाला बोटाने मोजायच्या. त्या, मी, इरा, नील: माणसं चार. मावशींची मोजणी पाच. रोज पाच. पहिल्यांदा मी हसले. "अहो मावशी, चारच आहोत आपण." त्यांनी पुन्हा मोजलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पाच. बरोबर आहे." वय झालं, असं मी मनात म्हटलं. इराला मात्र त्यात काही वावगं वाटायचं नाही. आपल्या शेजारची खिडकीकडची जागा ती कुणाला बसू द्यायची नाही. "इट्स टेकन," म्हणायची.

मग जुलैतली, म्हणजे तिथल्या ऐन थंडीतली ती सकाळ. डोंगरावरचा ढग रस्त्यावर उतरला होता, हाताची बोटं दिसत नव्हती. बस आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. ड्रायव्हर बदली होता. आम्ही दोघींनी बाबागाडी उचलून आत घेतली, मी इराला म्हटलं, "चल, चढ," ती चढलीही. मी नीलचे पट्टे बघायला वाकले, तेवढ्यात तिची लोकरीची टोपी पडली असावी, ती घ्यायला ती खाली उतरली. दार मिटलं आणि बस निघाली. या ड्रायव्हरला टकटक माहीत नव्हती.

"एक, दोन, तीन," मावशी मोजत होत्या.

मी न बघताच हसले. "आज एकदम तीन?"

"तीनच." त्यांचा आवाज बदलला होता. "दोघी खाली राहिल्या."

मी मागे वळले. इरा नव्हती. मी काय ओरडले, कुठल्या भाषेत, मला आठवत नाही. बस थांबेपर्यंत दोन वळणं गेली होती. नीलला मावशींपाशी ठेवून मी चढावर पळत सुटले. मागून त्या ओरडल्या, "घाबरू नकोस! एकटी नाहीये ती!"

त्या धुक्यात माझ्या श्वासाशिवाय कसलाही आवाज नव्हता. गाड्या नाहीत, पक्षी नाहीत. स्टॉप आला तो एकदम अंगावरच. बाकावर इरा बसली होती, टोपी घालून, पाय हलवत. मी तिला उचललं. तिचा एक हात बर्फासारखा होता. दुसरा चांगला ऊबदार.

"मम्मा, व्हाय आर यू क्राइंग? मावशी वॉज विथ मी."

"मावशी माझ्याबरोबर होती, बाळा. बसमध्ये."

"नॉट दॅट वन. द अदर मावशी. विथ ब्लॅक हेअर." मग शब्द शोधत म्हणाली, "ब्राउन साडी. अँड अ बॅग."

बाक दवाने पांढरा झाला होता. इरा बसली होती तिथे एक कोरडा ठिपका होता. त्याच्या शेजारी आणखी एक, मोठ्या माणसाएवढा. मी बघता बघता तो पुन्हा ओला होत गेला.

संध्याकाळी मी मावशींना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या.

"घाटात अशीच एक पोरगी राहिली होती," त्या म्हणाल्या. "उलटी होतेय म्हणून उतरली, मागच्या बाजूला गेली. मी न मोजता बेल दिली. असंच धुकं होतं. तिच्या आईच्या ध्यानात येऊन गाडी वळवून परत जाईस्तोवर तास गेला. सापडली, धडधाकट होती. पण रडली नाही बघ. आईच्या खांद्यावरून माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेव्हा माझे केस काळे होते, अंगावर खाकी साडी. त्या तासभर मी गाडीत होते, पण जीव तिच्यापाशी बसला होता. तो काही परत आला नाही. त्या दिवसापासून मोजायला घेतलं की एक जास्तीच येतं."

आणि पाकळ्या वाटीत टाकून म्हणाल्या, "तेव्हा नाही, पण आता तरी पोचले म्हणायची."

व्हिसा संपला तशा मावशी परत गेल्या. चौथ्या टेस्टला मी पास झाले, गाडी आली, बस सुटली. इरा आता नऊ वर्षांची आहे. होबार्टच्या त्या सकाळचं तिला काही आठवत नाही. बाक नाही, धुकं नाही, मावशीसुद्धा धड नाहीत. मावशींचा कराडहून अधूनमधून फोन येतो. गुडघे, डोळे, जावयाचं प्रमोशन, सगळं बोलून झालं की त्या हळूच विचारतात, "पोरगी मला ओळखते ना गं अजून?"

"ओळखते ना, मावशी," मी म्हणते. "रोज विचारते तुम्हाला."