अकरा शनिवारांनंतरचा एक्स-रे

ही गोष्ट मी सात वर्षं टाळली. टाळली म्हणजे सांगितलीच नाही असं नव्हे. सांगितली, पण अर्धी. उरलेली अर्धी गावानं आपल्या मनानं जोडून घेतली आणि मी ती जोडू दिली. आमच्या वेशीवरच्या मारुतीच्या देवळात शनिवारची आरती झाली, की कुणीतरी म्हणतंच, "कंट्रोलरबुवा, तुमच्या नातीची गोष्ट सांगा न या पाहुन्याइले." मग मी सांगतो, की नातीच्या पाठीचा कणा वाकडा होत चालला होता, मी अकरा-अकरा शनिवार धरले आणि मारुतीनं पोरीला सांभाळलं. पाहुणे हात जोडतात. मागच्या महिन्यात एक बाई तर माझ्याच पाया पडायला वाकल्या. तेव्हा मला असा काही वैताग आला, की मी चप्पल देवळाबाहेरच विसरून तरातरा घरी आलो. बहात्तर वर्षांच्या माणसानं स्वतःचं अर्धं खोटं दर शनिवारी किती दिवस सांगायचं? म्हणून हे लिहून काढतो आहे.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाड्या वेळेवर सोडणं, चालक-वाहकांवर ओरडणं आणि कोणी चुकला की त्याचा रिपोर्ट करणं, यात माझी नोकरी गेली. रिटायर झालो, पण आवाज काही रिटायर झाला नाही. मुलगा पुण्याकडे कंपनीत, आणि सून सुनीता व नात गौरी आमच्याजवळ, आसेगावपासून थोड्या अंतरावरच्या आमच्या गावी. गौरी बारा वर्षांची होती. तिची वेणी घालताना सुनीताच्या लक्षात आलं, की पोरीचा एक खांदा वर दिसतो. वाकायला लावलं तर पाठीची उजवी बाजू उचलल्यासारखी. वाशीमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सांगितलं, की कण्याला सव्वीस अंशांचा बाक आहे, वाढीचं वय आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, तोवर घाबरू नका. सहा महिने! गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली तर ज्याला जेवण जात नसे, त्या माणसाला ते सहा महिने थांबायला सांगत होते.

मी मारुतीला अकरा शनिवार बोललो. अनवाणी जायचं, तेल वाहायचं, रुईच्या पानांची माळ घालायची. यात काही वाईट नव्हतं. वाईट पुढे आहे. अकरावा शनिवार झाल्यावर मला पाहायचं होतं, की मारुतीनं काय केलं. सोमवारी मी गौरीला वाशीमला एका ओळखीच्या एक्स-रे सेंटरवर घेऊन गेलो आणि डॉक्टरांची जुनीच चिठ्ठी पुढे केली. तिथला माणूस काही विचारत नसे. पोरीला मशीनकडे तोंड करून उभं करायचं आणि बटण दाबायचं, एवढंच. घाईत फिल्म हलली तर पुन्हा उभं करायचं. मी बाहेर बाकावर जप करत बसायचो. पहिल्या खेपेला चोवीस अंश आले. दोन अंश कमी! मी गावभर पेढे वाटले. दुसऱ्या अकरा शनिवारांनंतर अठ्ठावीस आले, तेव्हा मी मारुतीसमोर तेलाची वाटी आपटली आणि पंधरा दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या खेपेला पुन्हा सव्वीस. मी देवाची परीक्षा घेत होतो, आणि ती द्यायला दर वेळी पोरीला उभं करत होतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर मी त्याचाही रिपोर्ट केला असता.

सुनीतानं एकदा सांगून पाहिलं. "मामाजी, डॉक्टरनं सहा महिने सांगतले होते न? मंग असे घडीघडी एक्स-रे कायले काढता?"

"तुले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो. हातातली बादली तिनं जरा जोरातच खाली ठेवली.

प्रत्येक फिल्म मी देवळात नेऊन मारुतीच्या पायाशी ठेवायचो. त्यांवर तेल सांडायचं, शेंदूर बसायचा. एक फिल्म गुरवानं खिडकीच्या फुटक्या काचेच्या जागी लावली. सकाळी गौरीच्या बरगड्यांमधून देवळात उजेड यायचा आणि मला ते मोठं पवित्र वाटायचं. मधे एका दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी जुन्या फिल्म मागितल्या. त्या देवापाशी आहेत, असं कसं सांगणार? म्हणालो, हरवल्या. म्हणून त्यांनी आणखी एक काढायला लावला.

संक्रांत होऊन गेली होती. चौथे अकरा शनिवार पुरे झाले आणि मी गौरीला घेऊन पुन्हा वाशीमला गेलो. त्या ओळखीच्या सेंटरचं शटर बंद. शेजारचा पानवाला म्हणाला, "पोरीचं लगन हाय त्याच्या. चार रोज नाही येत." मी त्या शटरसमोर उभा राहून मारुतीला नाही नाही ते बोललो. चव्वेचाळीस शनिवार अनवाणी आलो आणि तुला एक शटर उघडं ठेवता येत नाही? गौरी म्हणाली, "आबा, घरी जाऊ न, माही उद्या चाचणी हाय." मी तिचा हात धरून तिला ऑटोत बसवलं आणि दुसऱ्या एका दवाखान्यात नेलं.

तिथं एक्स-रेच्या खोलीत एक बाई होत्या, तिशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी गौरीला जवळ घेऊन विचारलं, "बेटा, याच्या आधी कधी काढला होता?" गौरी बोटांवर मोजू लागली. दिवाळीच्या सुट्टीत, राखीच्या वेळेस, शाळा उघडली तेव्हा, मधे त्या दुसऱ्या डॉक्टरकडे, सगळ्यात आधी परीक्षेच्या वेळेस. आणि दोनदा हललं म्हणून पुन्हा. सात झाले. बाई तिला आत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात पाळीबद्दल काही विचारलं. दार अर्धं उघडं होतं. ते माझ्या कानावर पडलं.

"ओ बाई! पोरीले काय इचारून राह्यल्या तुमी? लाज वाटते का नाही?"

"आबा, रागावू नका. एक्स-रेच्या आधी हे इचारावंच लागते, आमचं कामच हाय ते."

"तुमचं काम फोटो काढाचं. काढा अन् मोकळ्या व्हा."

"हा फोटो नोय, आबा." त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्यानंच मी जास्त भडकलो. "याच्यातून किरणं जातात अंगातून. गरज हाय तवा काढाच लागते, तवा मी नाही म्हनत नाही. पन वाढत्या पोरीचे दहा महिन्यांत सात झाले अन् तुमी आठवा काढाले आनली. कोन्या डॉक्टरनं सांगतला?"

मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी तारीख वाचली. "हे तं मागच्या मार्चची हाय. मी नाही काढत. डॉक्टरसाहेबांची आजची चिठ्ठी आना, मंग काढीन. तेबी पाठ मशीनकडं करून, छातीवर किरणं सरळ नाही पडू द्याचे, अन् लागते तेवढाच भाग."

मी आवाज चढवला. लोक जमले. त्यांना काय माहीत मी कोण ते, पण रांगेतला एक जण म्हणाला, "आजोबा, मागच्या वर्साच्या तिकिटावर कंडक्टर बसू देईन का तुमाले?" सगळे हसले. खरं सांगायचं तर गौरीही हसली. बस, तिथं माझं डोकं गेलं. आयुष्यभर जुन्या तिकिटावर बसणाऱ्यांना मी खाली उतरवलं होतं.

तिथंच काउंटरवर कागद मागून घेतला आणि तक्रार लिहिली. तक्रार कशी लिहायची, कोणता शब्द कुठे बसवला की समोरचा सुटत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. उद्धट वर्तन, ज्येष्ठ नागरिकाचा अपमान, अल्पवयीन मुलीस अश्लील प्रश्न. त्यांचं नाव छातीवरच्या पट्टीवरून नीट वाचून घेतलं, काना-मात्रा न चुकता. एका ओळखीच्या पुढाऱ्याकडून फोनही करवला. पंधरा दिवसांनी कळलं, की त्यांना कामावरून काढलं. मी सुनीताला ऐकू जाईल असं म्हणालो, "बरं झालं."

त्यानंतर सुनीतानं पोर माझ्या हातून काढून घेतली. म्हणाली, "अकोल्याले हाडाच्या डॉक्टरकडं मी नेतो गौरीले. तुमी येत असान तं या, पन मामाजी, बोलाचं नाही." मी गेलो. डॉक्टरांनी जुने एक्स-रे मागितले. सुनीतानं पिशवीतून काढले. ते तिनं देवळातून आणले होते, खिडकीतला सुद्धा. डॉक्टरांनी एक फिल्म उजेडावर धरली, नखानं शेंदूर खरवडून पाहिला आणि खाली ठेवली. एकही धड वाचता येईना. मग गौरीनं आपल्या कंपासपेटीतून एक घडी घातलेला कागद काढला. मी काउंटरवर तक्रार लिहीत होतो तेव्हा त्या बाईंनी तो तिला लिहून दिला होता. सातही वेळांचा अंदाजे महिना, कुठे काढला, कोणत्या बाजूनं उभं केलं. खाली दोन ओळी होत्या: पुढचा एक्स-रे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय काढू नये. हा कागद प्रत्येक ठिकाणी दाखव बेटा, मोठ्यांना आठवत नाही.

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. मग मला समजावलं, शांतपणे, जसं शाळेतल्या मुलाला समजावतात. म्हणाले, अंश मोजताना रेघ जराशी इकडेतिकडे झाली तरी चार-पाच अंशांचा फरक पडतो. तुमचे चोवीस, सव्वीस आणि अठ्ठावीस हे सगळे एकच होते, बाबा. गरजेच्या एक्स-रेला घाबरू नये, एका फिल्मचा धोका फार थोडा असतो. पण तो दर वेळी थोडा थोडा साठत जातो, वाढत्या मुलीच्या छातीला तो जास्त, आणि काही झालंच तर ते कित्येक वर्षांनी दिसतं. म्हणून मोजकेच काढायचे, पाठमोरं उभं करून. मग त्यांनी गौरीला वाकायला लावलं आणि गवंडी पातळी पाहायला वापरतो तसलं एक छोटं साधन तिच्या पाठीवर ठेवून मोजलं. त्यातून काही किरणं जात नाहीत. म्हणाले, मधल्या काळात एवढं पुष्कळ असतं. "आज मात्र एक काढावाच लागेल," ते म्हणाले, "जुने वाचता आले असते तर कदाचित थांबलो असतो." तो आठवा एक्स-रे माझ्या शेंदरामुळे निघाला. त्यात तीस अंश आले आणि गौरीला बाक रोखायचा कडक प्लास्टिकचा पट्टा लागला.

परतीच्या गाडीत मी खिडकीपाशी बसलो होतो. आधी मारुतीचाच राग आला. मी पेढे वाटले ते पेन्सिलीच्या रेघेचे, रुसलो तोही रेघेवर, मग इतके शनिवार तू करत तरी काय होतास? आणि मग ते बंद शटर आठवलं. सेंटरवाल्याच्या पोरीच्या लग्नाची तारीख महिनोन्‌महिने आधी ठरलेली असणार, त्यात चमत्कार काही नाही, आणि कोणी तसं म्हणत असेल तर मी भांडणारही नाही. पण चव्वेचाळीस शनिवार मी ज्याच्यासमोर उभा राहून पोरीला वाचव म्हणत होतो, त्या पोरीला त्या दिवशी कोणीतरी वाचवत होतं, आणि मी त्या शटरलाही शिव्या दिल्या आणि त्या बाईलाही. मी मागितलं तेच मिळालं होतं. मला मात्र ते अंशांमध्ये हवं होतं.

गौरीनं तीन वर्षं पट्टा घातला. मे महिन्यात तो काढून फेकावा असं वाटे, शाळेत पोरी "रोबोट" म्हणायच्या, ती रडायची आणि पुन्हा त्याचे बंद आवळायची. आता ती वीस वर्षांची आहे, अमरावतीला शिकते. तिचा कणा सरळ झालेला नाही. बाक वाढायचा थांबला आहे, एवढंच. मारुतीनं कणा सरळ केला असं सांगणाऱ्यांनी एकदा तिला विचारून पाहावं. त्या नको असलेल्या फिल्मांनी तिच्या अंगात काही ठेवलं का, हे कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, बहुतेक काही नाही. त्यांच्या त्या "बहुतेक" वर मी रोज सकाळी उठतो.

देवळात मी अजून जातो. खिडकीला नवी काच लावून घेतली. तेल वाहतो, पण आता काही बोलत नाही आणि नंतर काय झालं ते तपासायलाही जात नाही. मला वाटायचं, देवावर सोडणं म्हणजे आपण बोलायचं आणि त्यानं ऐकायचं. आता वाटतं, कोणी शहाण्या माणसानं "नाही" म्हटलं, तर ते गप्प ऐकून घेणंही त्यातच येतं. एवढं कळायला म्हातारपण आलं, पण कळलं, आणि पोर डोळ्यांसमोर धडधाकट आहे, यासाठी मी मारुतीचा ऋणी आहे. हे सगळं येत्या शनिवारी आरतीनंतर वाचून दाखवणार आहे. ज्यांना पाया पडायचं असेल त्यांनी आधी ऐकावं.

एक राहिलं. अकोल्याहून आल्यावर मी त्या दवाखान्यात गेलो होतो. तक्रार मागे घेतो म्हणालो. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आता काय उपेग? त्या गेल्या." कुठे गेल्या, हे त्याला माहीत नव्हतं. पुढे पाच-सहा वर्षं गेली. मागच्या वर्षी वाशीमच्या बसस्थानकावर त्या दिसल्या. मानोऱ्याच्या गाडीची वाट पाहत होत्या, मांडीवर लहान मूल, पायाशी पिशवी. मी दोन वेळा समोरून गेलो. तिसऱ्यांदा थांबलो आणि तोंडातून निघालं, "मंगरुळपीरची गाडी किती वाजता हाय?"

त्या स्थानकावरची प्रत्येक गाडी मला झोपेत विचारली तरी सांगता येते.

"चार वाजता असन, आबा. बसा न इथं," असं म्हणून त्यांनी पिशवी सरकवली. मी बसलो. त्या माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "गौरी बरी हाय न?"

त्यांनी ओळखलं होतं. पहिल्याच फेरीला ओळखलं असेल.

"बरी हाय," मी म्हणालो. "कॉलेजात हाय."

"पट्टा घातला?"

"तीन वर्सं."

"शहाणी पोरगी," त्या म्हणाल्या. "मी माहेरी चालली, इंझोरीले."

मानोऱ्याची गाडी लागली. मी त्यांची पिशवी उचलून दारापर्यंत नेली, तेवढंच हातून झालं. त्या खिडकीशी बसल्या. आयुष्यभर भोंग्यातून साऱ्या स्थानकाला ऐकू जाईल असं बोललेला मी खिडकीखाली उभा राहिलो. वाक्य तयार होतं, सहा वर्षांपासून तयार होतं: बाई, चूक तुमची नव्हती, माझी होती, मी लेखी दिलं होतं, लेखीच परत घेतो, मला माफ करा. कंडक्टरनं घंटी वाजवली. मी सवयीनं हात वर केला आणि गाडी जाऊ दिली.