राईतली सुई

त्या दिवाळीच्या सुट्टीत महाडहून गावी नेलेल्या सामानाची यादी अजून माझ्याकडे आहे: दोन परकर, गणिताचं पुस्तक, वही, शिसपेन्सिल, शाईच्या बाटलीचं जुनं बूच आणि एक सुई. बूच मामांचं. ते महाडला कोर्टाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत, आणि मी त्यांच्याकडे राहून सातवीची, म्हणजे फायनलची, तयारी करत होते. सुई शाळेतल्या लोहचुंबकावर एकाच दिशेने पन्नास वेळा घासलेली होती. बुचात आडवी खुपसून पाण्यावर सोडली की ती फिरून उत्तर-दक्षिण स्थिर होई. मास्तरांनी हे वर्गात एकदाच दाखवलं. मला ते रोज पाहावंसं वाटे.

आमची वाडी पोलादपूरच्या पुढे, सावित्री नदीच्या पलीकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला. पहिले चार दिवस मी करवंटीत पाणी घेऊन सगळीकडे फिरले. गोठा, खळं, ओढा, देवळाची पायरी. वहीत जागा लिहायची आणि पुढे दिशा. सगळीकडे उत्तर. पाचव्या दिवशी फक्त देवाची राई उरली.

राईत लोखंड न्यायचं नाही असा आमच्याकडे नेम होता. कोयता, विळा बाहेरच्या धोंड्यावर ठेवायचा आणि मोकळ्या हाताने आत जायचं. आत देवाचा काळा कातळ, पुरुषभर उंच. सुई लोखंडाचीच असते हे मला कळत होतं. पण वहीतली ती एक ओळ कोरी ठेवणं मला जमेना.

भर दुपारी गेले. सगळी वाडी भातकापणीला होती. राईत दहा-बारा पावलं टाकली आणि शेतातली माणसांची बोलणी ऐकू येईनाशी झाली. पाखरूही नव्हतं. कातळापासून वीस पावलांवर उत्तर. दहावर उत्तर. आठवर सुई जराशी ढळली आणि परत आली नाही. पाचवर ती कातळाकडे वळली. तीनवर मी करवंटी जमिनीवर ठेवली आणि हात काढून घेतले. बूच हळूहळू सरकत कातळाच्या बाजूला गेलं आणि काठाला टेकून राहिलं.

मी वळसा घालून पलीकडे गेले. तिथेही तेच. चारी बाजूंनी सुईचं एकच टोक त्याच्याकडे. मी कुठेही बसले तरी मी कुठे आहे ते त्याला कळत होतं, असं मला वाटलं. चार नोंदी केल्या. त्यांतलं अक्षर माझं वाटत नाही, इतकं वाकडं आहे.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी आमचा बैल कड्यावरून घसरून मेला. संध्याकाळी राईतल्या देवाचे गुरव आमच्या अंगणात येऊन बसले.

"राईत लोखंड गेलंय," ते म्हणाले. "ज्यानं नेलं त्यानं वरीसभर नदी ओलांडायची नाय."

धाकटी काकी राईच्या कडेला विळा घेऊन दिसली होती. काका मुंबईला गिरणीत. लग्नानंतर चार वर्षांनी त्यांना खोली मिळाली होती आणि भाऊबीज झाली की काकी जाणार होती.

"मी भाईर गवत कापत होती," काकी म्हणाली. "आत पाय नाय टाकला."

"मुंबयचं पाणी लागायच्या आधीच खोटं बोलाया शिकली गो," शेजारीण म्हणाली, आणि दोघीतिघी हसल्या.

मी हिशोब केला. मार्चमध्ये फायनल. वर्षभर नदी ओलांडायची नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि पुढल्या वर्षापर्यंत वडील माझं लग्न उरकून टाकणार. गप्प बसले तर माझं वर्ष वाचतं आणि काकीचं जातं. काकी रडली असती तर कदाचित मी गप्पच राहिले असते. ती उठून आत गेली आणि ट्रंकेत भरलेली लुगडी एकेक काढून पुन्हा दांडीवर टाकू लागली.

"मी नेलं," मी म्हणाले. "सुई."

"सुईनं बैल मरतो काय गो?" वडील म्हणाले.

गुरव मात्र हसले नाहीत. "उद्या दाखव," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरव, वडील आणि मी राईत गेलो. मी तीन पावलांवर करवंटी ठेवली. बूच सरकलं, काठाला टेकलं. गुरवांनी करवंटी उचलून दुसऱ्या बाजूला नेली, स्वतःच्या हाताने ठेवली. पुन्हा तेच. ते तिथेच उकिडवे बसले.

"तीस वर्सं पाणी घालतोय मी ह्याला," ते वडलांना म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. "माझ्यासमोर कदी काय झालं नाय. हिला जबाब देतो."

"पोर हाय ती."

"म्हणूनच. हिला गावात ठेवू नको. आजच नेव. मी सांगीपर्यंत नदीच्या अलीकडं आणू नको."

अशी माझी फायनल वाचली. काकीही मुंबईला गेली. आई मात्र पुढे मला पोलादपूरच्या बाजारातच भेटत असे, आणि दर वेळी निघताना एकदा मागे वळून पाही. माझ्याकडे नव्हे, माझ्या पिशवीकडे.

दोन वर्षांनी मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. मास्तरांनी दिलेल्या एका पुस्तकात सापडलं की वीज पडलेल्या कातळात चुंबकाचा गुण येतो. त्याच सुमारास गुरव जमिनीचा अर्ज लिहून घ्यायला मामांकडे आले. मी त्यांना पाणी दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. मग विचारलं, "आता गावात येऊ का?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "डोंगरावर ह्याच्याहून उंच कातळ हायत," ते म्हणाले. "ईज ह्याच्यावरच का पडली?"

मी पुस्तक काढून पुन्हा चाळलं.

"ते कळलं की ये."

मी वही आणून प्रश्न लिहून घेतला. त्यांना वाचता येत नव्हतं. नीट उतरलाय की नाही ते पाहायला त्यांनी मला तो दोनदा मोठ्याने वाचायला लावला.