शोरब्याचं मीठ

पहिल्या रोज्याचा शोरबा मशिदीत आमच्याच घरून जायचा. करायची बायको. चाळीस वर्षं तिनं ते पातेलं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. या थंडीत ती गेली. रमजान जवळ आला तसे मशिदीतले म्हणाले, "चाचा, यंदा राहू द्या, दुसरं घर बघू." एकदा दुसऱ्या घरी गेलेलं काम परत येत नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणालो, "आमचंच पातेलं येईल." बोलून बसलो खरा, पण मला चहासुद्धा धड येत नव्हता.

पहाटे सहरीचं खाणं झाल्याबरोबर गव्हाचा भरडा आणि डाळी भिजत घातल्या. दुपारी कांदा परतून मटण टाकलं, हाडांसकट. तीन तास चुलीशी बसून ढवळलं. ती ढवळायची तेव्हा मी बाहेरून नुसतं "झालं का?" विचारायचो. वास तिच्यासारखा सुटला आणि मला रडू आलं. तिथंच घोळ झाला. मीठ टाकलं होतं की नव्हतं? एकदा टाकलं की दोनदा? चाखावं तर रोजा.

अशा वेळी ती भिंतीपलीकडच्या वैनीला हाक मारायची. शेतकऱ्याचं हिंदू घर. वैनी वाटीत घेऊन मीठ सांगायची. ती गेल्यापासून मी कुणाच्या दारात गेलो नव्हतो. गेलो.

"वैनी, जरा मीठ बघता का?"

"अगं बाई! भाऊजी, आज सोमवार. माझा उपास हाय की!"

रोजा सुटायला पाऊण तास होता. माझं तोंड बघून वैनी हसली. "सोमवार आला की ती ह्यांना वाटी द्यायची. उपास न धरणारं आमच्यात हे एकच माणूस हाय."

बाजेवरून तिचा नवरा ओरडला, "आण बे हिकडं! कवाची वाट बघतोय."

मी वाटी नेली. त्यानं फुंकून घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "दोनदा टाकलंस बे मीठ."

वैनीनं पटकन कणीक मळून चार गोळे दिले. "हे सोडा, आन् तांब्याभर कढत पाणी वता."

उकळी येऊ दिली. दुसरी वाटी नेली. त्यानं ती चाटूनपुसून खाली ठेवली.

"जमलं."

"तिच्यासारखं?"

"तिच्यासारखं न्हाई. पण ने आता बिनघोर."

मी पातेलं उचलून मशिदीकडं निघालो. किती दिवसांनी छातीभरून श्वास आला.

मशिदीत खजूर झाला, वाट्या फिरल्या. नुसते भुरके ऐकू येत होते. मग मला राहू द्या म्हणणाऱ्यांतल्याच एकानं वाटी पुढं केली. "चाचा, अजून हाय का?"

घरी पातेलं घासताना तळाला कणकेचा एक गोळा चिकटलेला सापडला. खाल्ला. लई खारट होता. पुढच्या वर्षी मीठ एकदाच टाकायचं.